आठ पायांची मुंगी

श्रावण लागला की अंगणातल्या पेरूखाली माझी खुर्ची पडते. प्लॅस्टिकची, एक पाय जरा आखूड असलेली. गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग, मांडीवर जुनी वही, आणि पानांवरून मानेवर टपकणारं कालच्या पावसाचं पाणी. शेजारच्या भाभीजी गच्चीवर कपडे वाळत घालताना वाकून बघतात आणि विचारतात, "दीदी, फिर शुरू हो गईं?" मी वर न बघताच सांगते, "सीज़न है भाभीजी."

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याबद्दल लोक फार बोलतात. बोलू देत. माझ्या मते इथला खरा ऋतू त्याच्यानंतरचा आहे. किल्ल्याखालच्या दगडांवर चार दिवसांत हिरवी लव चढते, भिंतींना शेवाळाचा वास येतो, आणि मग ते निघतात. लाल मखमलीच्या बीरबहुट्या आधी येऊन गेलेल्या असतात. त्यांच्यामागून ढालकिडे, टोळांची नखाएवढी पिल्लं, भेंडीच्या फुलात तोंड घालून बसलेले भुंगे. पाऊस इथे मुक्कामाला राहत नाही. येतो, तासभर धिंगाणा घालतो, जातो. मागे दमट उमस राहते आणि त्या उमसेत सगळं वळवळायला लागतं. मला ती उमस आवडते. घाम येतो, त्याला पदर आहे.

गोरखीच्या बाजूला एका शाळेत मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. शाळा हिंदी माध्यमाची, मी घरात मराठी. खासगी बाजार नावाच्या आमच्या बाजारपेठेत अजूनही एखादा टक्कल पडलेला माणूस दुकानातून उठून येतो आणि पायाला हात लावतो. बायकोला म्हणतो, "ये हमारी कीड़ेवाली मैडम हैं." मला ह्याचा अभिमान आहे, लपवायचं काय त्यात? पावसाळ्यात माझा वर्ग मैदानात भरायचा. प्रत्येकाने एक जीव शोधायचा, काचेच्या ग्लासाखाली ठेवायचा, आणि आधी पाय मोजायचे. रंग नाही, पंख नाही, आधी पाय. चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, "छह टाँग कीट, आठ टाँग मकड़ी!" मुख्याध्यापक खिडकीतून डोकावायचे आणि हताश होऊन खिडकी लावून घ्यायचे.

त्या पोरांमध्ये एक माझीच होती. केतकी. तिला वर्गात मला मॅडम म्हणावं लागायचं आणि त्याचा तिला मनस्वी राग यायचा. घरी मात्र मम्मी. तिच्या वेण्यांत मी जितक्या वेळा रिबन बांधली असेल, तितक्याच वेळा तिच्या मुठीतून काहीतरी वळवळणारं काढून घेतलं असेल.

तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा मात्र मी तिच्याशिवाय काढला आणि तरी तो सगळा तिचाच होता.

एम.एस्सी. झाल्यावर तिला सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या एका संशोधन केंद्रात काम मिळालं. सदाहरित जंगल, जिथे पाऊस थांबला की लोक आभाळाकडे संशयाने बघतात. काम एका हंगामापुरतं, अजमावून बघण्यासाठी. हंगाम संपल्यावर तिथल्या प्रमुख मॅडम ठरवणार की मुलीला ठेवायचं की घरी पाठवायचं. केतकीला तिथे राहायचं होतं. इतकं की आयुष्यात एक आरती पाठ न केलेल्या त्या पोरीने निघताना माझ्याकडून देव्हाऱ्यातली सुपारी मागून घेतली. आमच्या ह्यांना मात्र ती परत यायला हवी होती. त्यांनी शिक्षकभरतीच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला होता. "एक सीझन फिरून येऊ दे, मग बसेल ती अभ्यासाला," ते म्हणायचे. म्हणजे डाव असा होता: एका बाजूला ते जंगल, दुसऱ्या बाजूला तो फॉर्म, आणि मध्ये केतकीचे डोळे किती पक्के आहेत एवढाच प्रश्न.

तिचं काम मी जन्मात केलं नव्हतं, पण ऐकून ऐकून मला पाठ झालं. सकाळी उलटी छत्री झुडपाखाली धरायची आणि फांदीला काठीने टोले द्यायचे. छत्रीत टपटप जे पडेल ते एका नळीने ओढायचं. नळीचं एक टोक तोंडात, दुसरं किड्यावर, मध्ये बारीक जाळी, म्हणजे किडा बाटलीत जातो आणि घशात जात नाही. मग स्पिरिटच्या छोट्या बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीच्या आत जाड कागदाची चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाई स्पिरिटमध्ये विरघळते. झुडपांवर कुठल्या मुंग्या फिरतात ह्याची यादी करायची होती. ऐकायला हे पोरखेळ वाटेल. एका झुडपावर केवढं काय राहतं ते तिच्या तोंडून ऐकलं असतंत, तर असं म्हणाला नसतात.

रोज दुपारी दूध आणायला जीप खालच्या वळणापर्यंत जायची, तिथे मोबाइलला दोन दांड्या यायच्या. केतकी जीपमध्ये बसून यायची आणि दिवसभराचं सगळं एका दमात पाठवायची. फोटो, आणि आवाजाचे निरोप. त्या निरोपांत मागे पाऊस असायचा. आमच्यासारखा ताशा वाजवणारा नाही, एकसारखा, न थकणारा, कोणीतरी तांदूळ पाखडत बसल्यासारखा. आणि त्याच्यातून रातकिडे, तेही भर दुपारी, कारण त्या रानात झाडांखाली दुपारही अंधारीच असते. मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ते निरोप पुन्हा पुन्हा लावायची. जळवांनी पायमोजे कसे लाल झाले, कपड्यांना बुरशी कशी आली, आणि एका पानाखाली तिला सोन्याच्या टिकलीसारखा ढालकिडा कसा सापडला. "मम्मी, मतलब इतका सुंदर, मी हातच नाही लावला त्याला." मी इकडे पीठ लागलेल्या हाताने डोळे पुसले होते.

आणि फोटोंखाली एकच प्रश्न: मम्मी, हे काय आहे?

खरं सांगते, त्या प्रश्नाइतकं सुख मला दुसऱ्या कशात वाटलं नाही. निवृत्त बाईला कोणी काही विचारत नाही. भाजी काय करू, इतकंच. आणि इथे रोज दुपारी दोन वाजता रान मला विचारायला येत होतं. मी जेवणाचं ताट बाजूला सारायची, चष्मा पुसायची, आणि दोन मिनिटांत उत्तर धाडायची. हा तुडतुडा. ही माशी आहे, गांधीलमाशीचं सोंग घेतलंय, पंख दोनच बघ. हा भुंगेऱ्याचा भाऊबंद. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तशी माझी गत. हे म्हणायचे, "अगं, तिला जरा डोकं चालवू दे की." मी म्हणायची, "तुम्ही वरणाला फोडणी द्या."

ऑगस्टच्या सुरुवातीला तो फोटो आला. काळी, चकचकीत, लांब मानेची मुंगी. फोटो भिंगातून काढलेला, कडा धुरकट. खाली केतकीचा निरोप: "मम्मी, मुंगीच आहे नं ही? पण पाय मला आठ वाटून राहिलेत. आणि एक अजून. मुंग्या ओढल्या की नळीतून तोंडात खट्टा वास येतो, घसा जळतो. हिचा काहीच नाही आला."

मी फोटो बघितला. डोकं, मान, पोट, बारीक कंबर. पुढे दोन शृंगिका, म्हणजे मिशा, उभ्या. मुंगी. ह्यात विचारायचं काय? मी लिहिलं, "पुढच्या दोन शृंगिका आहेत, त्या पायांत मोजू नकोस. आणि सगळ्या मुंग्या आंबट नसतात. मुंगीच." मग वर एक वाक्य आणखी लिहिलं, जे मी आजही विसरले नाही: "डोळे उघडून बघायला शिक."

तिने लिहिलं, "ओके मम्मी."

त्यानंतर तशी मुंगी तिला पुष्कळ झुडपांवर सापडली. प्रत्येक वेळी तिने माझ्या शब्दावर चिठ्ठी लिहिली, आणि बाटल्या मुंग्यांच्या खोक्यात गेल्या.

माझ्या खुर्चीच्या डोक्यावर, त्या पेरूच्या पानांवर, तसल्या काळ्या मुंग्या वर्षानुवर्षं होत्या. मी त्यांच्याकडे कधी निरखून बघितलं नव्हतं. पेरूवर मुंग्या असायच्याच. रक्षाबंधन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. दुपारची सर नुकतीच ओसरली होती. मी फांदी खाली ओढली पिकलेला पेरू बघायला, आणि पानावरची एक मुंगी घाबरून पानावरून खाली पडली. पडली आणि हवेत थांबली. माझ्या नाकासमोर, वीतभर अंतरावर, एका धाग्याला लटकून.

मुंगी धागा सोडत नाही.

मी श्वास रोखून भिंग डोळ्याला लावलं. तिने पुढचे दोन पाय वर उचलून डोक्यासमोर धरले होते आणि ते अगदी शृंगिकांसारखे थरथरवत होती. मग धाग्यावरून सरसर वर चढताना ते दोन्ही पाय तिने वापरले. मी मोजले. एकीकडे चार, दुसरीकडे चार. तोंडावर समोर दोन मोठे, काळे, टपोरे डोळे, आणि ती माझ्याकडे रोखून बघत होती. मुंगीचं सोंग घेतलेली कोळीण. पुस्तकात मी तिच्याबद्दल वाचलेलं होतं, वर्गात तिचं नावही कधीतरी घेतलं असेल.

घरात जाऊन फोन काढला, केतकीचा तो फोटो बोटांनी मोठा केला. धुरकट कडेला दिसत होतं, त्या दोन शृंगिका डोक्यातून नाही, पायांच्याच ओळीतून निघाल्या होत्या. पाय होते ते. तिथेच होते ते, तीन आठवडे.

पाय मोजायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि पाय मोजायला चुकले ती मीच. पण माझं चुकणं मी एक वेळ गिळलं असतं. केतकी चुकली नव्हती. तिने बरोबर मोजले होते. जिच्या हातात तो जीव होता, जिने तो स्वतःच्या श्वासाने ओढून घेतला होता, तिला मी हजार मैलांवरून एक धुरकट फोटो बघून डोळे उघडायला सांगत होते. मला स्वतःची लाज वाटली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी इतकी लाज वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

हे पलंगावर पेपर वाचत होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "इतकुसा तर किडा. त्याचे पाय कोण मोजत बसणार आहे?"

"तिथे तेच मोजतात. तेवढ्यासाठीच ठेवलंय तिला."

ते पेपरची घडी घालत म्हणाले, "आणि समज, नाही ठेवलं तिला, तर फॉर्म आहेच. मी तर म्हणतो, छोड़ो ना. आपण होऊन कशाला सांगायचं?"

त्यांचा मुलीवर जीव आहे, म्हणून मी चिडले नाही. आणि खोटं का बोलू, क्षणभर माझ्याही मनात आलं की मॅडमना कळलं तर केतकी जाईल, नाही कळलं तर राहील, मग गप्प का बसू नये? पण आठ पायांची मुंगी यादीत राहिली असती तर पुढे कधीतरी कोणीतरी ती बाटली उघडलीच असती. आणि आतल्या चिठ्ठीवर अक्षर केतकीचं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिचा फोन लागला. मी सरळ सांगितलं. 

"अरे यार मम्मी," ती म्हणाली, "मी तर सगळं जमा करून दिलं. मॅडमनी वहीत पण चढवलं. त्या कित्ती खूश होत्या, झुडपावर नवीन मुंगी म्हणून."

"त्यांना सांग, आईने सांगितलं होतं म्हणून लिहिलं. माझं नाव सांग."

"पागल आहेस का? पंचवीस वर्षांची मुलगी जाऊन कैसे बोलेगी, मम्मीने सांगितलं?" तिचा आवाज चिरकला. "मला आठ दिसून राहिले होते नं. मी बोलली होती तुला. फिर मी का लिहिलं? मतलब मला माझ्या डोळ्यांवर भरोसा का नाही राहिला?"

माझ्याकडे ह्याला उत्तर होतं आणि ते मी दिलं. म्हटलं, "कारण मी तो ठेवू दिला नाही." आईने मुलीची माफी मागायची आमच्याकडे रीत नाही. मी मागितली. तिने फोन ठेवला.

पुढचं मला नंतर कळलं. ती केंद्रावर पोचल्या पोचल्या मॅडमकडे गेली आणि म्हणाली, ह्या मुंग्या नाहीत, माझी चूक झाली. मॅडमनी एवढंच विचारलं, "तुला स्वतःला किती पाय दिसले होते?" ती म्हणाली, आठ. मॅडमनी हंगामाच्या सगळ्या बाटल्या तिच्या टेबलावर आणून ठेवल्या, मुंग्यांच्याच नाही, सगळ्या. प्रत्येक उघडायची, नव्याने बघायची, गरज असेल तिथे चिठ्ठी बदलायची. दहा दिवस. फोन मॅडमच्या खणात. त्यानंतर ठरवू, त्या म्हणाल्या.

मला त्यातलं फक्त एका ओळीत कळलं होतं, जीपच्या ड्रायव्हरच्या फोनवरून: "दहा दिवस फोन नाही, सगळं परत बघते आहे, काळजी करू नको."

ते दहा दिवस कसे गेले ते विचारू नका. गौरींची तयारी तोंडावर आली होती, पितळेची भांडी घासायला काढली होती, आणि मी चिंच हातात घेऊन नुसती बसलेली असायची. दोन वाजले की ताट तसंच सोडायची. पेरूखाली जायची. त्या कोळिणी आता मला सगळीकडे दिसत होत्या. मुंग्यांच्या रांगेजवळून जरा अंग चोरून चालायच्या, दर दोन पावलांना थांबायच्या, पुढचे पाय हलवायच्या. एकदा ओळखल्यावर इतकं सोपं होतं! मुंगी थांबत नाही, तिला काम असतं. ही थांबते, कारण ही बघते. फोटोत कोणी चालत नाही, म्हणून फोटोत ती फसवून जाते. हे सगळं मला केतकीला सांगायचं होतं आणि मी सांगू शकत नव्हते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की सांगायची गरजही नाही. हे ती तिथे बघतच असेल. ह्या विचाराने मला सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

अकराव्या दिवशी फोन आला. "मम्मी, तुझे तीन अजून चुकले होते." नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "एक माशी, एक तुडतुडा, आणि तो भुंगेऱ्याचा भाऊबंद तर भाऊबंद नव्हताच." मग तिने तिन्ही समजावून सांगितले, पायांपासून सुरुवात करून, सावकाश, मी विसरेन की काय अशा बेताने. मी "हो, बरोबर" म्हणत ऐकत होते. मधे न राहवून विचारलं, "आणि मॅडम काय म्हणाल्या?"

"कशाबद्दल? अच्छा. ठेवलं मला." आणि पुन्हा तुडतुड्यावर गेली.

आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी आत जाऊन फॉर्म ठेवलेलं कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. संध्याकाळी स्वतःहून बाहेर जाऊन पेढे घेऊन आले आणि भाभीजींना सांगितलं, "बिटिया पक्की हो गई." मी पेढा तोंडात टाकला. माणसाला इतकी मोकळीक द्यावी.

आता हा त्यानंतरचा तिसरा श्रावण. ती तिथेच आहे. फोटो पाठवते, पण रोज नाही, आणि विचारायला तर नाहीच. बहुतेक वेळा खाली नाव लिहिलेलं असतं. मी पाय मोजते, सवय जात नाही, आणि अंगठा दाखवून मोकळी होते. पहिल्या वर्षी ह्याचं वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही असं नाही, पण त्या वाईट वाटण्यातही एक ऐट आहे. चांगल्या शिक्षकाला शेवटी बिनकामाचं व्हायचं असतं असं लोक म्हणतात. म्हणणं सोपं आहे, होताना जरा दुखतं.

गेल्या सोमवारी तिने एक फोटो पाठवला, खाली नाव नव्हतं. फक्त "मम्मी, बघ." ओल्या पानावर बोटाच्या पेराएवढा जीव, पुढचे पाय जोडून घडी केलेले, काटेरी, शिकार धरायला तयार. मी बघताक्षणी ओळखला. खंडोबाचा किडा, पिल्लू असेल. लहानपणापासून शेकड्याने पाहिलेत. बोटं आपोआप चालली, नाव लिहून झालंही. पाठवायच्या आधी मी थांबले. सगळं पुसलं, आणि लिहिलं, "मला नुसता फोटो दिसतोय. तुझ्यासमोर तो आहे. तुला काय दिसतंय?"

दहा मिनिटांनी उत्तर आलं, चांगलं लांबलचक. पुढचे पाय खंडोबाच्या किड्यासारखे आहेत, पण पंख बघ, काचेसारखे, जाळीदार, आणि छपरासारखे अंगावर ठेवलेत. हा त्या घरातला नाहीच. जाळपंख्यांच्या घरातला, खंडोबाच्या किड्याचं रूप घेतलेला. फोटो पाठवण्याआधी मी दोन तास बसून बघितला त्याला, मम्मी.

मी फोटो पुन्हा मोठा केला. पंख तसेच होते. तिचंच बरोबर होतं. मी "शाबास" लिहिलं, मग ते पुसून "बरोबर" लिहिलं, आणि ते पाठवलं. त्याआधी कुठलं नाव लिहून पुसलं होतं ते मी तिला सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा कळेल, आणि लगेच फोन करून मला चार पंखांचा धडा देईल. मी वही घेऊन बसेन.